ड्युटीचा तक्ता आणि सिस्टरचा रक्तदाब

रुग्णालयात रक्तदाब मोजणारा हात बहुतेक वेळा सिस्टरचा असतो. पाळीत कितीदा तरी ती दंडाला पट्टा गुंडाळते, आकडा वाचते, केसपेपरवर लिहिते आणि पुढच्या खाटेकडे वळते. डॉक्टरांच्या राउंडमध्ये औषध वाढवायचे की कमी करायचे हे त्याच आकड्यावर ठरते. तिचा स्वतःचा आकडा मात्र कुठल्याच कागदावर नसतो. नोकरीला लागताना तपासणी झाली असेल तेवढीच. पुढे चाळिशीच्या आसपास डोके जड व्हायला लागते, पायऱ्या चढताना धाप लागते. मग एखादी सहकारी ड्युटीवरच पट्टा बांधते आणि म्हणते, ‘अगं, दीडशे आलंय, गोळी सुरू कर.’ त्यापुढचा सल्लाही ठरलेला असतो: मीठ कमी कर, वजन उतरव, टेन्शन घेऊ नकोस. यातले एकही वाक्य चुकीचे नाही. पण तिन्ही वाक्यांचा कर्ता तीच. तिला राबवणारी व्यवस्था त्या वाक्यांत कुठेच येत नाही. परिचारिकांच्या उच्च रक्तदाबाविषयी गेल्या पन्नास वर्षांत जमा झालेला पुरावा एकत्र ठेवून वाचला तर निष्कर्ष वेगळा निघतो. सवयींचा वाटा मोठा आहे, हे खरेच. पण त्या सवयींपैकी बहुतेक ड्युटीच्या तक्त्यात घडतात किंवा बिघडतात. म्हणून सिस्टरच्या रक्तदाबाचा उपाय तिच्या ताटात शोधावा, तसा तो इन्चार्जच्या टेबलावरच्या त्या तक्त्यातही शोधायला हवा.

आधी मोजण्याविषयी, कारण अर्धी गफलत तिथेच आहे. १४०/९० किंवा त्याहून जास्त दाब पुन्हापुन्हा आढळला तर तो उच्च रक्तदाब, ही आपल्याकडे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या व्यवहारात चालणारी रेषा; अमेरिकेतील हृदयरोग संस्थांनी २०१७ मध्ये ती १३०/८० वर आणली. आकडा खरा यायचा तर माणसाने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठीला आधार असावा, पाय जमिनीला टेकलेले, दंड हृदयाच्या पातळीवर, लघवी तुंबलेली नसावी आणि मोजताना बोलू नये. हा नियम सिस्टरला पाठ असतो. पेशंटच्या बाबतीत ती तो पाळायला बघते. स्वतःचा दाब मोजताना मात्र यातली एकही अट पुरी होत नसते. उभ्या उभ्या, नातेवाइकाशी बोलता बोलता, सकाळपासून बाथरूमला जायला सवड न मिळालेल्या अवस्थेत घेतलेला तो आकडा असतो. तो जास्त आला तर ‘आत्ता धावपळीत होते’ म्हणून सोडून देता येतो. उलट, सुटीच्या दिवशी निवांत मोजलेला आकडा साधारण येतो आणि कामाच्या तासांत चढलेला दाब त्यात दिसतच नाही. वैद्यकशास्त्रात या प्रकाराला झाकलेला उच्च रक्तदाब म्हणतात आणि तो पकडायला चोवीस तास दंडावर राहणारे यंत्र लागते. इटलीतील ज्युसेप्पे मान्चिया आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवले की डॉक्टर खाटेजवळ आले की पेशंटचा दाब सरासरी पंचवीस अंशांहून अधिक उसळतो; तेच नर्सने मोजले तर ही उसळी जवळपास निम्मी असते. म्हणजे दुसऱ्याचा दाब सर्वांत विश्वासाने मोजू शकणाऱ्या माणसाचाच दाब धड मोजला जात नाही.

भारतातील चित्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसते. २०१९ ते २०२१ या काळात पंधरा वर्षांवरील २१.३ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष एकतर वाढलेल्या दाबाचे आढळले किंवा त्यावरची गोळी घेत होते. जगभरात तीस ते एकोणऐंशी या वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना हा विकार आहे, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना त्याची कल्पनाही नाही आणि दाब आटोक्यात असलेले पाचात एकच, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ मधील अंदाज होता. हे प्रमाण सुधारण्यासाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे होते. साधी, सर्वांना सारखी औषधयोजना, गोळ्यांचा अखंड पुरवठा आणि दर महिन्याला पाठपुरावा, ही त्याची पद्धत. हा पाठपुरावा कोण करते, तर मुख्यतः परिचारिका आणि आरोग्यसेविका. देशाने रक्तदाबाची मोहीम ज्यांच्या खांद्यावर दिली त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाचा हिशेब या मोहिमेत वेगळा होत नाही. हा मुद्दा केवळ सहानुभूतीचा नाही. २०२० च्या जागतिक अहवालानुसार जगातील २ कोटी ७९ लाख परिचारकांपैकी सुमारे नव्वद टक्के स्त्रिया होत्या आणि त्यातही ५९ लाखांची तूट होती. आहे ते मनुष्यबळ पन्नाशीत पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने गमावणे कोणत्याही आरोग्यव्यवस्थेला परवडणारे नाही.

गंमत अशी की स्त्रियांच्या आरोग्याविषयी जगाला आज जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे परिचारिकांकडूनच आले आहे. १९७६ मध्ये हार्वर्डच्या फ्रँक स्पायझर यांनी अमेरिकेतील अकरा राज्यांमधल्या १ लाख २१ हजार ७०० नोंदणीकृत परिचारिकांना प्रश्नावली पाठवून ‘नर्सेस हेल्थ स्टडी’ सुरू केली. १९८९ मध्ये वॉल्टर विलेट यांनी तरुण परिचारिकांची दुसरी तुकडी उभी केली. तीत १ लाख १६ हजारांवर स्त्रिया होत्या. परिचारिका निवडण्यामागे हिशेब होता: प्रश्नांतले वैद्यकीय शब्द त्यांना कळतात, आकडे त्या नेमके लिहितात आणि कागद वेळेवर परत पाठवतात. या दुसऱ्या तुकडीतील सुमारे ८४ हजार स्त्रियांवर जॉन फोरमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयातल्या सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या अभ्यासांपैकी एक आहे. चौदा वर्षांत त्यांतल्या बारा हजारांहून अधिक जणींना उच्च रक्तदाब जडला. संशोधकांनी सहा गोष्टी तपासल्या: वजन प्रमाणात असणे, रोज अर्धा तास जोरकस व्यायाम, भाज्या-फळे-डाळी जास्त आणि मीठ कमी असा आहार, मद्याचे अल्प प्रमाण, वेदनाशामक गोळ्या आठवड्यातून एकदाहून कमी आणि फॉलिक आम्लाची पूरक मात्रा. सहाही पाळणाऱ्या स्त्रियांचा धोका इतरांच्या तुलनेत जेमतेम पाचवा हिस्सा निघाला. या आकडेमोडीनुसार, सगळ्याच जणींनी हे सहा नियम पाळले असते तर नव्याने जडलेल्या उच्च रक्तदाबातला सुमारे ७८ टक्के भाग टळला असता.

हा निकाल वर मांडलेल्या म्हणण्याच्या थेट विरोधात जातो, असे कोणालाही वाटेल. सगळे सवयींवर असेल तर तक्त्याला दोष कशाला? पण हीच सहा कलमे वॉर्डातून वाचून पाहावीत. जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसीन वॉर्डातली नाइट डोळ्यांसमोर आणा. खाटा भरलेल्या, मधल्या वाटेत जमिनीवर गाद्या टाकलेल्या. रात्री ओव्हर घेऊन, इंजेक्शने देऊन, नव्या ॲडमिशनचे कागद करून सिस्टर पहिल्यांदा खुर्चीवर टेकते तोवर मध्यरात्र उलटून गेलेली असते. डब्यातली भाजी-पोळी गार झालेली. हाताशी असते ती चहाची किटली, फरसाण, बिस्किटे, कोणी आणलेला वडापाव. पहाटे चारला टीपीआरची, म्हणजे ताप-नाडी-श्वास मोजण्याची फेरी. सकाळी घरी पोचून स्वयंपाक, मग तुटक झोप. या दिनक्रमात अर्धा तास जोरकस व्यायाम कुठे बसवायचा? वजनाचे तेच, अपुरी झोप आणि अवेळी खाणे यांनी भूक आणि चयापचय दोन्ही बिघडतात. वेदनाशामकांचे कलम तर परिचारिकेच्या पेशाला चिकटलेलेच आहे. माणसे उचलून, कुशीवर वळवून कंबर धरते आणि गोळी औषधांच्या ट्रॉलीवर हाताशी असते. नर्सेस हेल्थ स्टडीच्या याच दुसऱ्या तुकडीवरच्या २००२ च्या अभ्यासात महिन्यातून बावीस किंवा अधिक दिवस पॅरासिटामॉल घेणाऱ्यांचा उच्च रक्तदाबाचा धोका दुप्पट, तर आयबुप्रोफेन गटातील औषधे तितकी घेणाऱ्यांचा जवळपास तितकाच वाढलेला दिसला. म्हणजे सहापैकी वजन, व्यायाम, आहार आणि वेदनाशामके ही चार कलमे पाळीची लांबी, रात्रींची संख्या, वॉर्डातली माणसे आणि उचलायला मिळणारी मदत यांवर उभी आहेत. फोरमन यांच्या अभ्यासाने सवयींचे वजन मोजले; त्या सवयी कुठून येतात हा त्याचा प्रश्नच नव्हता. दोन्हींची गल्लत केली की व्यवस्थेचा दोष स्वभावाच्या खात्यावर पडतो.

रात्रपाळीचा शरीरावर थेट परिणाम होतो तो वेगळाच. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत दहा ते वीस टक्के खाली येतो. रक्तवाहिन्यांना आणि हृदयाला चोवीस तासांत मिळणारी हीच खरी विश्रांती. जपानमधील ओहासामा गावातल्या दीर्घ अभ्यासात असे दिसले की ही उतरण जितकी कमी तितका हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यूचा धोका जास्त: उतरणीतली दर पाच टक्के घट धोका सुमारे वीस टक्के वाढवते. नाइट करणारीची ही उतरण अडखळते. रात्री शरीराचे घड्याळ ‘झोप’ म्हणत असताना ती उभी असते आणि दिवसा झोपायला जाते तेव्हा घड्याळ ‘जाग’ म्हणत असते. शिवाय दारावरची बेल, मुलांची शाळा आणि फोन असतातच. हा परिणाम खाणे, वय, ताण यांपासून सुटा करून पाहण्यासाठी बॉस्टनमधील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांचे दिवस-रात्र उलटे केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चौदा जणांचा चोवीस तासांतला वरचा दाब सरासरी तीन अंशांनी वाढला आणि ही वाढ मुख्यतः झोपेच्या तासांतली होती. चौदा माणसे म्हणजे फार लहान नमुना, आणि तेही काही दिवसांपुरते. पण या प्रयोगातून एक गोष्ट पक्की होते: मीठ, वजन आणि चिंता आहे तशाच ठेवून नुसती वेळ उलटी केली तरी दाब चढतो.

प्रयोगशाळेबाहेर, हजारो कामगारांच्या नोंदींत हा धागा किती जाड दिसतो? इथे पुरावा सरळ रेषेत नाही आणि तसा असल्याचा आव आणू नये. पाळ्यांचे काम आणि उच्च रक्तदाब यांवरील सत्तावीस अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत धोका सुमारे ३१ टक्के वाढलेला, तर एकाच वेळी केलेल्या पाहण्यांत जेमतेम १० टक्के वाढलेला आढळला. नर्सेस हेल्थ स्टडीच्याच दुसऱ्या तुकडीत २०१२ मध्ये फिरत्या रात्रपाळ्यांचा आणि उच्च रक्तदाबाचा संबंध कृष्णवर्णीय परिचारिकांमध्ये स्पष्ट दिसला, गोऱ्या परिचारिकांमध्ये दिसला नाही. हृदयविकाराबाबत १९९५ च्या अभ्यासात सहा किंवा अधिक वर्षे फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांचा धोका दीडपट निघाला. २०१६ मध्ये दोन्ही तुकड्यांचा चोवीस वर्षांचा पाठपुरावा मांडला गेला तेव्हा संबंध टिकला, पण त्याचे माप लहान होते. यावरून ‘रात्रपाळीचा बागुलबुवा केला जातो’ असे म्हणणारे म्हणू शकतात. त्यांना दोन उत्तरे आहेत. पहिले असे की एकाच पेशातल्या, एकाच पाळीतल्या दोन गटांत परिणाम वेगवेगळा दिसतो, यावरून रात्रपाळी एकटी काम करत नाही एवढेच सिद्ध होते; पगार, कर्ज, घरातली मदत, वागणुकीतला भेदभाव यांवर ती स्वार होते. दुसरे उत्तर मापाचे. दहा लाख प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या २००२ च्या विश्लेषणानुसार चाळीस ते एकोणसत्तर वयात वरचा दाब दर वीस अंश वाढला की पक्षाघाताने मरण्याचा धोका दुपटीहून वाढतो आणि मध्यम वयात तो नुसता दोन अंशांनी कमी राहिला तरी पक्षाघाताचे मृत्यू सुमारे दहा टक्के घटतात. तेव्हा प्रयोगशाळेतले ते तीन अंश एका बाईला जाणवणारही नाहीत. लाखो बायकांच्या हिशेबात ते वॉर्ड भरवतात.

पाळी कितीची आहे याइतकेच त्या पाळीत काय करावे लागते हेही मोजायला हवे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाची एक सोपी फोड केली: कामाची मागणी किती आणि त्यावर कामगाराचा ताबा किती. मागणी जास्त पण ताबाही जास्त असेल तर माणूस थकतो पण तगतो. मागणी जास्त आणि ताबा कमी असेल तर शरीर सतत तयारीच्या स्थितीत राहते. वॉर्डातली सिस्टर या दुसऱ्या कोपऱ्यात नेमकी बसते. पेशंट किती यावेत, औषध कोणते, सलाइन कधी, कोणाला घरी सोडायचे, यातले काहीच तिच्या हाती नाही. चूक झाली तर मेमो मात्र तिच्या नावाने. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच पेशंटमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजा धरून तीस टक्के जास्त मनुष्यबळ असावे. या निकषाच्या किती पट पेशंट एका सिस्टरकडे असतात हे सरकारी रुग्णालयात एक रात्र काढलेल्या कोणत्याही नातेवाइकाला सांगावे लागत नाही. डेन्मार्कमध्ये १९९३ मध्ये बारा हजारांवर परिचारिकांची नोंद करून पंधरा वर्षे पाठपुरावा झाला. आपल्या कामाचा भार ‘फारच जास्त’ आहे असे सांगणाऱ्या, पन्नाशीच्या आतल्या परिचारिकांमध्ये हृदयविकार लक्षणीय जास्त आढळला. त्याहून मोठ्या वयाच्या गटात मात्र हा फरक दिसला नाही. तेव्हा ताण सोसून मुरलेल्या वडीलधाऱ्या सिस्टरपेक्षा चाळिशीतल्या सिस्टरकडे आधी पाहावे, हे यातून निघते.

‘पण सिस्टर दिवसभर चालतच तर असतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला?’ हा आक्षेप घरापासून प्रशासनापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. दिसायला तो बिनतोड आहे. मात्र कामातली अंगमेहनत आणि मोकळ्या वेळेतला व्यायाम यांचा हृदयावर होणारा परिणाम सारखा नसतो. व्यायामात नाडी थोडा वेळ चढते आणि मग विश्रांती मिळते. वॉर्डात आठ-दहा तास उभे राहणे, ओढणे, उचलणे चालू राहते, मध्ये सावरायला वेळ नसतो आणि दाब दीर्घकाळ वरच राहतो. डॅनिश परिचारिकांच्या त्याच नोंदींवरून असेही दिसले की ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता आणि ज्यांचे काम अंगमेहनतीचे होते त्यांचा हृदयविकाराचा धोका, साधारण दाब आणि मध्यम मेहनतीचे काम असलेल्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट होता. दोन्ही कारणांची नुसती बेरीज केली तर येईल त्याहूनही जास्त. म्हणजे बीपीची गोळी चालू असलेल्या सिस्टरला ‘चालते-फिरते काम आहे, बरेच आहे’ म्हणून ऑर्थोपेडिक वॉर्डात किंवा आयसीयूत टाकणे हा वैद्यकीयदृष्ट्या उलटा निर्णय आहे.

ड्युटी संपली की दुसरी पाळी घरी सुरू होते, हे आता सर्वांनी ऐकलेले आहे; त्याचा रक्तदाबाशी असलेला संबंध मात्र कमी ऐकला जातो. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करत असल्याचे दिसले, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. कॅनडात क्विबेकमधील शांताल ब्रिसाँ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी कचेरीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या दंडाला चोवीस तासांचे यंत्र लावले. कामाचा ताण आणि घरची मोठी जबाबदारी दोन्ही एकत्र असलेल्या सुशिक्षित स्त्रियांचा दाब कामावर चढलेला होताच, तो घरी आल्यावरही उतरला नव्हता. स्वीडनमध्ये मारियान फ्रांकेनहॉयझर यांनी व्होल्वोच्या कर्मचाऱ्यांवर केलेल्या कामातही हेच दिसले होते: पाचनंतर पुरुष अधिकाऱ्यांची ताणाची संप्रेरके उतरत, स्त्री अधिकाऱ्यांची चढत. हे अभ्यास परिचारिकांवरचे नाहीत, ते ऑफिसातल्या बायकांवरचे आहेत. पण म्हणूनच ते जास्त बोलके आहेत. खुर्चीत बसून काम करणाऱ्या स्त्रीचा दाब घरी उतरत नसेल तर नाइट करून आलेल्या, सासूचे पथ्य आणि मुलांचा डबा सांभाळणाऱ्या सिस्टरचा तो उतरेल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची?

स्त्रीच्या शरीराचे स्वतःचेही टप्पे आहेत आणि तक्ता ते ओळखत नाही. गरोदरपणात दाब वाढला, तो प्रसूतीनंतर उतरला, म्हणजे प्रकरण मिटले असा समज आहे. नर्सेस हेल्थ स्टडीच्या दुसऱ्या तुकडीतील सुमारे ५९ हजार मातांवरच्या २०१८ च्या अभ्यासाने तो मोडला: पहिल्या गरोदरपणात दाब वाढलेल्या स्त्रियांना पुढे कायमचा उच्च रक्तदाब होण्याचा धोका दुपटीहून जास्त होता आणि तो प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतच डोके वर काढू लागतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी काही जणींचा दाब वाढतो. पाळी जाण्याच्या सुमारास रक्तवाहिन्यांची लवचीकता कमी होऊ लागते. म्हणजे बाळंतपणाच्या रजेवरून परतणारी सिस्टर आणि पंचेचाळिशीतली सिस्टर या दोघींच्या बाबतीत वैद्यकीय कारणाने वेगळा विचार व्हायला हवा. व्यवहारात पहिलीला ‘रजा भोगून आलीस, आता नाइट उचल’ असे ऐकावे लागते आणि दुसरीला, अनुभवी म्हणून, सगळ्यात अवघड वॉर्ड मिळतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. परिचारिकांमध्ये उच्च रक्तदाब इतर स्त्रियांपेक्षा जास्त आहे, हे आधी सिद्ध करा. भारतात तर एकेका रुग्णालयात केलेल्या छोट्या पाहण्यांपलीकडे फारसे काही नाही. आक्षेप रास्त आहे, पण त्यातली तुलनाच फसवी आहे. ज्यांना नाइट झेपत नाही, ज्यांचा दाब तिशीतच चढतो, त्या नोकरी सोडतात किंवा ओपीडीत, शिकवण्यात, घरी जातात. वॉर्डात उरतात त्या तुलनेने धडधाकट. साथरोगशास्त्रात याला निरोगी कामगाराचा परिणाम म्हणतात. त्यामुळे वॉर्डातल्या परिचारिकांचे आकडे सर्वसाधारण स्त्रियांइतकेच आले तरी काम निर्दोष ठरत नाही. निवडून उरलेल्या धडधाकट गटाचे प्रमाण खरे तर कमी यायला हवे होते. शिवाय परिचारिकांना आजाराची जाण आहे, गोळी हाताशी आहे, डॉक्टर शेजारी आहेत. एवढे असूनही त्यांचा दाब इतरांसारखाच राहत असेल तर या फायद्यांना खाऊन टाकणारे काहीतरी त्यांच्या कामात आहे. आणि भारतीय आकडे नाहीत, ही तक्रार रुग्णालयांनी करणे तर विचित्रच. यंत्र त्यांच्याकडे आहे, मोजणारे हात त्यांच्याकडे आहेत, मोजायची माणसे त्यांच्याच हजेरीपटावर आहेत.

‘रात्री कोणाला तरी जागावेच लागणार’ हे वाक्य चर्चा संपवायला वापरले जाते. जागावे लागणारच, पण किती रात्री सलग, किती तास आणि मधली सुटी किती, हे माणसे ठरवतात. युरोपातील संशोधकांनी २०२० मध्ये सर्व पुरावा चाळून मांडलेली मर्यादा अशी: सलग तीनपेक्षा जास्त रात्री नकोत, दोन पाळ्यांत किमान अकरा तास अंतर असावे, रात्रपाळी नऊ तासांपलीकडे जाऊ नये आणि गरोदर स्त्रीला आठवड्यात एकाहून अधिक रात्र देऊ नये. आपल्याकडे अनेक रुग्णालयांत सलग सहा-सात रात्री आणि त्याही सर्वांत लांब पाळीच्या, ही रीत आहे. कारण ती तक्ता लिहायला सोपी जाते. युरोपीय महासंघाच्या कामाच्या वेळांविषयीच्या निर्देशात अकरा तासांची विश्रांती आणि रात्रपाळी सुरू होण्याआधी व नंतर ठरावीक काळाने मोफत आरोग्य तपासणी हे कामगाराचे हक्क आहेत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा परिचर्या कर्मचाऱ्यांविषयीचा करार १९७७ पासून आहे; भारताने तो मंजूर केलेला नाही. आपल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ठरावीक वयाच्या वा वर्गाच्या कामगारांची मालकाने विनाशुल्क वार्षिक तपासणी करण्याची तरतूद आहे. वयाची अट चाळिशीवर बांधली तर वर पाहिलेला तिशीतला धोका निसटतो; रात्रपाळी करणाऱ्यांचा वर्ग धरला तर तो सापडतो.

हे सारे माणसे आणि पैसा यांवर येऊन थांबते, हे लपवण्यात अर्थ नाही. सलग रात्री तीनवर आणायच्या तर रिकाम्या जागा भराव्या लागतील. इथेच कंत्राटी नेमणुकीचा प्रश्न येतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचे वेतन सरकारी वेतनाच्या जवळ आणण्याची आणि अगदी पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही ते वीस हजारांच्या खाली नसावे अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर राहिली. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी भरती बाह्य संस्थांकडे देण्याविरुद्ध संप केला, तेव्हा बहुतेक बातम्यांचा विषय पेशंटचे हाल हा होता. पण कारासेक यांच्या फोडीने पाहिले तर नोकरी टिकेल की नाही ही अनिश्चितता म्हणजे ताबा शून्यावर आणणेच आहे. कंत्राटी सिस्टर डबल ड्युटीला नाही म्हणू शकत नाही, आजारी रजा मागू शकत नाही आणि बीपी आहे हे सांगतही नाही, कारण पुढचे कंत्राट त्यावर अवलंबून असते असे तिला वाटते. माणसे भरायला वेळ लागेल हे मान्य केले तरी सलग रात्री तोडणे, नाइटनंतर त्याच दिवशी दुपारची पाळी न लावणे, उचलायला सरक-चादर आणि दुसरा हात देणे, रात्री गरम साधे जेवण मिळेल इतकी कँटीनची सोय करणे, यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा कर्मचारी लागत नाही.

शेवटी उरतो तो नेहमीचा प्रश्न: सिस्टर स्वतःची काळजी स्वतः का घेत नाहीत? जाण असणे आणि पेशंट होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टर ओपीडीच्या रांगेत बसत नाही. राउंड संपता संपता डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करते, दाब साधारण आला की सोडते, नाइट असली की वेळ चुकवते. केसपेपर नाही, पाठपुरावा नाही. बाहेरच्या पेशंटसाठी जी चूक म्हणून ती रागावते, तीच ती स्वतःच्या बाबतीत करते, कारण रुग्णालयाच्या नोंदीत ती पेशंट म्हणून अस्तित्वातच नसते. म्हणून पहिली पायरी महागडी नाही. प्रत्येक रुग्णालयात परिचारिकांच्या रक्तदाबाची गोपनीय नोंद असावी. ती प्रशासनाच्या नव्हे, डॉक्टरच्या ताब्यात असावी आणि वर्षातून दोनदा, एकदा सुटीनंतर आणि एकदा नाइटच्या आठवड्यात, पाच मिनिटे बसवून मोजलेले आकडे तीत असावेत. गरज असेल तिला चोवीस तासांचे यंत्र लावावे. दोन-तीन वर्षांत नावे झाकून वॉर्डावर वॉर्ड मांडला की कुठल्या तक्त्याखाली दाब चढतो आहे ते आपोआप दिसेल. मग सवय दोषी की पाळी हा वाद अंदाजाने घालावा लागणार नाही. परिचारिकांनी पन्नास वर्षे स्वतःची माहिती देऊन जगाला स्त्रियांच्या हृदयाविषयी शिकवले. आपल्या रुग्णालयांनी एक वही उघडावी, एवढीच मागणी आहे. आणि तीत पहिला आकडा कोणाचा लिहायचा हे ठरवायला तक्ता पाहिला तरी पुरे: उद्या जिची सलग पाचवी नाइट आहे, तिचा.